उलट्या पिळाची तार

१ ऑक्टोबर, गुरुवार

सगळे कसे आहेत? नवी वही उघडली, तेव्हा आधी हजेरी. आमच्या घरात नुसतं 'बरं आहे ना' चालत नाही, हाडाचं नाव घेऊन विचारावं लागतं.

दादा — माझा थोरला भाऊ, या घरात शर्यतीची फटफटी आणणारा पहिला माणूस. वय अठ्ठ्याहत्तर. हासळीचं हाड पाच वेळा मोडलेलं. सध्या ठीक. ढग आले की रेडिओच्या आधी त्याच्या खांद्याला कळतं.

ही — जन्मात गाडी चालवली नाही, तरी दोन्ही गुडघे गेलेले. म्हणते, "तुमचे पडून मोडले, माझे ट्रॅकच्या कठड्याशी उभं राहून राहून झिजले."

सूनबाई — रक्तदाब. शर्यतीच्या आठवड्यात चढतो, सोमवारी आपोआप उतरतो. डॉक्टरांनी तिच्याकडून शर्यतींच्या तारखाच लिहून घेतल्यात.

भिंगरी — नात, वय बावीस. शर्यत हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. डाव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. क्लच दाबण्यापुरती मिटतात, तेवढं तिला पुरतं.

चिरंजीव — तिचा बाप, माझा एकुलता एक. उजवा गुडघा. दुसऱ्या गावी गाडी शिकवायची शाळा चालवतो. एके काळी ताशी पावणेतीनशेने जाणारा हा मनुष्य आता लोकांना वळताना दिवा लावायला शिकवतो. आज फोन केला होता.

"गुडघा कसा?"

"बरा. तुमची पाठ, अण्णा?"

"बरी."

"ठेवतो मग."

अकरा वर्षं झाली, आमचं बोलणं एवढंच.

मी — पाठ आणि चष्मा. बाकी खणखणीत. वय बहात्तर.

भिंगरी नऊ गुणांनी पुढे आहे. एकच शर्यत राहिली. हिने टीव्हीवरची धूळ आजच पुसून घेतली.

४ ऑक्टोबर, रविवार

भिंगरीचा फोन. तिच्या गाडीचा मेकॅनिक — सगळे त्याला मिस्त्री म्हणतात — मनगट मोडून बसला. कसं? न्हाणीघरात घसरला. ज्या टोळीत माणसं दोनशेच्या वेगाने पडतात आणि उठून हात झटकतात, तिथे हा साबणावरून पडला. मी हसलो. मग कळलं, हसायचं काम नाही.

"आजोबा, तार बांधायला या."

तार म्हणजे काय ते इथे लिहून ठेवतो. पुढेमागे कुणी वही उघडली तर म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणायला नको. शर्यतीची गाडी इतकी थरथरते की घट्ट पिळलेला बोल्टही सुटतो. म्हणून महत्त्वाच्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची, पकडीने पीळ देत देत दुसरीकडे नेऊन बांधायची. बोल्ट सुटू पाहिला तर तार त्याला मागे ओढते. एका गाडीला अशा चौदा जागा. यंत्राची पकड मिळते, झरकन पीळ देणारी. मी साध्या पकडीने हातानेच देत आलो. मी डावखुरा, त्यामुळे माझा पीळ उलटा पडतो. ट्रॅकवर माझी तार लोक लांबून ओळखायचे.

म्हटलं, "डोळे गेले माझे."

"चष्मा आहे ना?"

"हात थरथरतो."

"आजी म्हणते तुम्ही तिच्या सुईत दोरा ओवून देता."

ही फितूर निघाली. भाजी चिरत ऐकत होती आणि मान वर करत नव्हती.

मग भिंगरी म्हणाली, "बाबा म्हणाले, बोलवायचं तर आजोबांनाच बोलव."

फोन हिच्या हातात दिला आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

५ ऑक्टोबर, सोमवार

नाही म्हणून कळवलं.

६ ऑक्टोबर, मंगळवार

लिहून टाकतो एकदाचं. तोंडाने अजून कुणाला अख्खं सांगितलेलं नाही.

दादा शर्यती खेळायचा आणि मी त्याची गाडी बघायचो. शाळा सातवीत सुटली. इंजिन उघडून शिकलो, आणि बंद केल्यावर जे तुकडे उरायचे त्यांच्यावरून जास्त शिकलो. पुढे चिरंजीव उभा राहिला. दोन वर्षं लागोपाठ अजिंक्यपद. त्याच्याही गाडीची सगळी तार माझी.

अकरा वर्षांपूर्वीची, मोसमातली शेवटची शर्यत. शनिवारी दुपारी मी तेल बदललं. इंजिनाच्या पोटाखाली तेल सोडायचा बोल्ट असतो, तो पान्याने घट्ट केला हे आठवतं. तारेचा तुकडा कापला, तो हातात होता, हे आठवतं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. कुणी, का, काही आठवत नाही. त्यानंतर मी खाली वाकून तार बांधली का? तिथे नुसतं पांढरं आहे. कितीदा त्या पांढऱ्यावर जाऊन उभा राहिलो असेन.

रविवारी सकाळी दादाबरोबर चहाला गेलो. अर्धा तास बसलो. आलो तर चिरंजीव कपडे चढवून तयार. रांगेत गाड्या लावायची हाक झालीच होती. वाकून बघायला वेळ झाला नाही. वेळ झाला नाही असं म्हणायचं, खरं तर मी बघितलं नाही.

तिसऱ्या फेरीला तिसऱ्या वळणावर गाडीचं मागचं चाक तेलात गेलं. त्याच्याच इंजिनाचं तेल. गुडघ्याचे चार तुकडे. बोल्ट गवतात सापडला. भोक रिकामं. तार नव्हती.

तपासनीस काही विचारायच्या आत मी म्हटलं, चूक माझी. त्याच दिवशी पकड ठेवून दिली. चिरंजीव दवाखान्यातून तीन महिन्यांनी बाहेर आला. मी विचारलं, गुडघा कसा? म्हणाला, बरा. तिथून पुढे आम्ही तेवढंच बोलतो.

तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी चहाच्या कपाशेजारी पकड ठेवलेली. माळ्यावरच्या पेटीतली. या गुडघ्यांनी ही माळ्यावर चढली कशी, देव जाणे.

"गंज चढलाय," ही म्हणाली. "पकडीवर म्हणतेय."

"मी नाही म्हणून कळवलंय."

"मी हो म्हणून कळवलंय. काल."

"अगं, पोरीचा जीव आहे तो."

"म्हणूनच. तिची तार दुसऱ्या कुणी बांधली तर तुम्ही इथे टीव्हीपुढे बसून निम्मे व्हाल. तिथे जाऊन निम्मे व्हा. निदान कामाला तरी याल."

तिने टोस्टची बशी पुढे सरकवली आणि म्हणाली, "आणि ज्याला राग यायला हवा तोच बोलवतोय. तुम्ही कोण मोठे लागून गेलात त्याच्यापेक्षा जास्त रागवायला?"

पकडीला तेल लावून ठेवलं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

सराव चालू. पहिल्या दिवशी तार तीनदा तुटली — पीळ जास्त. दुसऱ्या दिवशी ढिली. आज बोटांना आपोआप आठवलं. डोक्याला विचारायला गेलं की चुकतं.

घरात बोल्ट फार नाहीत. गॅलरीच्या कडीला बांधली. शिडीच्या बिजागरीला. सायकलच्या घंटीला. साखरेच्या डब्याला दोन भोकं होतीच, त्यालाही बांधून टाकली. हिला चहा करताना डबा उघडेना.

"कोण पळवतंय तुमची साखर ताशी दोनशेने?"

संध्याकाळी दादाचा फोन. त्याला भीती सांगितली. म्हणाला, "हे बघ, मी पाच वेळा पडलो ते माझ्या अकलेने पडलो. तुझी तार कधी सुटली नाही. मी रांगेत तुझ्याकडे न बघता बसायचो, माहीत आहे ना?"

"एकदा सुटली," मी म्हटलं.

तो म्हणाला, "ढग येतायत. खांदा बोलतोय," आणि फोन ठेवला.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

पोचलो. अकरा वर्षांत कठडे नवे झाले, रंग बदलले, माणसं तर सगळीच नवी. वास तोच. तापलेलं रबर, पेट्रोल आणि कुणीतरी कुठेतरी जाळलेला पाव. फाटकातून आत पाऊल टाकलं. शेजारी ही होती म्हणून परत फिरलो नाही.

भिंगरी लांबून पळत आली. पाच वर्षांची असताना छोट्या गाडीवरून माझ्या पायावर आली होती, तशीच आली. तेराव्या वर्षी पहिली शर्यत, सतराव्या वर्षी पगारी टोळीत, एकोणिसाव्या वर्षी बोटं गेली, विसाव्या वर्षी परत गाडीवर. बापाचं पडणं हिने अकरा वर्षांची असताना कठड्याला लटकून बघितलंय. आणि तरी! या पोरीच्या मनात काय आहे ते मला कधी कळलं नाही.

मिस्त्री हात गळ्यात बांधून उभा. "अण्णा, बघा हो, माझी अब्रू तुमच्या हातात."

"साबणाने आधीच नेली ती," भिंगरी म्हणाली.

२४ ऑक्टोबर, शनिवार

चौदाही जागा बांधल्या. घाई केली नाही. एक बांधायची, मोठ्याने तिचं नाव घ्यायचं, आणि भिंगरीने येऊन तिला बोट लावायचं. ही अट माझी. पहिल्या दोन वेळा ती हसली. तिसऱ्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग हसली नाही. चौदा वेळा खाली बसली, चौदा वेळा बोट लावून "आहे" म्हणाली.

पोटाखालचा बोल्ट मी शेवटी ठेवला होता. तिथे पोचल्यावर दोनदा चष्मा पुसला. ही मागे उभी होती. नुसती म्हणाली, "पाणी देऊ?" म्हटलं, नको. बांधली.

तपासायला आलेल्या बाई तरुण होत्या. आडव्या झोपून टॉर्च मारला. "ही तार उलटी का पिळलीय?"

"डावखुरा आहे."

त्यांनी टॉर्च तिथेच धरला. "आमचे जुने साहेब सांगायचे, उलटा पीळ दिसला तर डोळे मिटून पुढे जा."

"तुम्ही मात्र डोळे उघडे ठेवून बघा."

बघितलं. शिक्का मारला.

भिंगरीने त्या बोल्टचा फोटो काढून बापाला पाठवला. मला विचारलंही नाही. त्याने बघितला, पण उत्तर आलं नाही. मी दुपारभर तिचा फोन पुन्हा पुन्हा मागत होतो — वेळ बघायला म्हणून. हातात घड्याळ होतं.

२५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी चहाला गेलो नाही. चहा गाडीपाशी मागवला आणि स्टुलावर बसून प्यायलो. भिंगरी म्हणाली, "आजोबा, गाडी पळून जाणार नाही." म्हटलं, मला तिच्याबरोबर प्यायचाय. रांगेत जाईपर्यंत तिच्यावरून नजर काढली नाही. निघताना पुन्हा वाकलो, बोट लावलं. आहे.

अठरा फेऱ्या. चौथी आली तरी अजिंक्यपद तिचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला वाटतं ठाऊक नव्हतं, कारण पहिल्याच वळणावर दोघांच्या मधून घुसली. तिसरी फेरी — मी डोळे मिटून घेतले. हिने कोपर मारलं. "गेली पुढे. उघडा."

त्यानंतर जरा श्वास घेतला. बाराव्या फेरीला तिसऱ्या वळणावर मागचं चाक सरकलं. गाडी आडवी होते की काय अशी झाली. तेल, तेल, तेल — एवढंच डोक्यात. हिचा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी माझ्या बोटात रुतली. गाडी सरळ झाली. मिस्त्री पडद्याकडे बघून म्हणाला, "टायर संपलाय, अण्णा. बाकी काही नाही. बघा, कोरडं आहे."

टायर संपलाय हे ऐकून कुणाला इतका आनंद झाला नसेल.

तिसरी आली. अजिंक्य!

सगळे तिच्याकडे धावले. मी गाडीकडे. लोकांना वाटलं म्हातारा भोवळ येऊन पडला. मी खाली झोपलो, हात घातला. तार जागच्या जागी. इंजिन तापलेलं होतं, बोट चांगलंच पोळलं. जीव भांड्यात पडला तो त्या चटक्याने. फोड आलाय. हिने मलम पुढे केलं, म्हटलं राहू दे जरा.

भिंगरी हेल्मेट काढून माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. तोंड घामाने काळं. म्हणाली, "आजोबा, आज मी रांगेत खालच्या बोल्टचा विचारही केला नाही."

"म्हणजे एरवी करायचीस?"

"दर वेळी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोळलेलाच.

२६ ऑक्टोबर, सोमवार

घरी. हजेरी: हिचे गुडघे सुजलेत, पण तक्रार नाही. सूनबाईंचा रक्तदाब सकाळी दहाला उतरला. दादाचा खांदा गप्प. भिंगरीला झोप. माझ्या बोटाचा फोड मटाराएवढा. गॅलरीची कडी अजून उघडत नाही.

चिरंजीवाला फोन केला.

"गुडघा कसा?"

तो म्हणाला, "अण्णा, पत्र टाकतोय." आणि ठेवला.

हा आणि पत्र? हिला म्हटलं, माफ केलं म्हणून लिहिणार बहुतेक. तिने नुसतं बघितलं. खरं सांगायचं तर त्याने मला तार बांधायला बोलावलं, तेव्हाच मला माफी मिळाली असं मी धरून चाललोय. तेवढ्यावर उरलेले दिवस हलक्या अंगाने जातील.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

पाकीट आलं. उघडलं तर आधी तारेचा तुकडा पडला. जुना, काळवंडलेला, एका टोकाला कापलेला.

मग चिठ्ठी. "अण्णा, त्या रविवारी तुम्ही मोठ्या काकांबरोबर चहाला गेलात. थोडं तेल काढलं तर इंजिन हलकं फिरेल असं माझ्या मनात आलं. तुम्ही करू दिलं नसतं. तार मी तोडली. बोल्ट हाताने लावला, पाना घेणार तेवढ्यात हाक आली. तुकडा खिशात राहिला. तुम्ही म्हणालात चूक माझी, मला वाटलं तुम्हाला सगळं कळलंय आणि माझ्यासाठी अंगावर घेताय. नंतर बोलायला तोंडच राहिलं नाही. फोटोतला पीळ बघितला आणि राहवेना. गुडघा बरा नाही. थंडीत ठणकतो."

म्हणजे त्याने मला बोलावलं ते माफ करून नव्हे. माझी तार सुटत नाही हे जगात त्याला एकट्याला पक्कं माहीत होतं.

चष्मा पुसला. तुकडा उजेडात धरला. उलटा पीळ.

"बांधली होती मी," हिला म्हटलं.

"अहो, तुम्ही साखरेचा डबा सोडला नाहीत."

रागही शोधला. होता थोडासा. पण पोरगा अकरा वर्षं एकटाच वाहत होता हे डोळ्यांपुढे आलं आणि तो कुठे गेला कळलं नाही. टपाल निघायच्या आत उत्तर लिहिलं. ते असं:

"तुकडा पोचला. मी ठेवून घेतो, तू आता मोकळा हो. गुडघ्याला शेक दे. कुठे ठणकतो, किती, जिना चढताना की उतरताना, सगळं सविस्तर कळव. 'बरा' लिहिलंस तर पाकीट परत पाठवीन. लगेच लिही, अण्णा वाट बघतोय."